दुसरी घरघर

१

उत्तमसिंगाला सागनाल्यानं नेलं त्याला वर्ष होत आलं, पण त्याची जीप अजून रोज दिवेलागणीला खोकत होती.

हे सांगायला त्याची बायको लालीबाई तांड्यावरून एसटीनं एकटीच नेरला आली. गॅरेजच्या दारात तिनं चप्पल काढली. गॅरेजात चप्पल कोणी काढत नाही. बोनेटखालून वर आलेली गझाला तिच्या पायांकडे बघत राहिली, मग हात पुसत म्हणाली, "मावशी, घाला ती. खाली खिळे हायेत."

"राहू दे वं." लालीबाई आत आली. कोपऱ्यात ओढणीच्या झोळीत गझालाची लेक झोपली होती. लालीबाईनं आधी तिला पाहिलं, झोळीला एक हलका झोका दिला, मग बोलली. "गाडी सुधरवाले नाई बोलावून राह्यली तुले. गाडी तं शाम भंगारात देऊन राह्यला. बाजाराच्या दिवशी मानूस येनार हाय. त्याच्या आंधी मले एकच सांग, बेटी. त्याईनं फोर-व्हील लावलं होतं, का इसरले होते?"

त्या जीपला फोर-व्हीलची दांडी नव्हती, बटण होतं. बटण दाबलं की पोटाखालची छोटी मोटर घरघरते आणि इंजिनाचं बळ मागच्या दोन चाकांवरून चारही चाकांवर जातं. चिखलात आणि वाहत्या पाण्यात तेच तारतं. बटण मात्र दाबून सोडलं की परत आपल्या जागी. दाबलं होतं की नाही याची खूण राहत नाही.

मागच्या पावसाळ्यात उत्तमसिंग तांड्यातल्या पुष्पाला बाळंतपणासाठी घेऊन निघाला होता. नाल्याच्या मध्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तो दोर घेऊन उतरला, दोर काठावरच्या रामधनच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचवला, पुष्पा वाचली. परत जीपकडे येताना पाण्यानं त्याचे पाय उचलले. तेव्हापासून तांड्यात म्हणत होते, म्हाताऱ्याचं ध्यान नव्हतं, फोर-व्हील लावायचं विसरला आणि एका बाळंतिणीला मारायला निघाला होता. उरलेले म्हणत होते, नेरच्या मन्सूरनं मोटर दुरुस्त केली होती ना, त्यानंच घात केला.

मन्सूर म्हणजे गझालाचे सासरे. त्या दिवसानंतर ते गॅरेजात आले नव्हते.

"मी रोज सांजच्याले गाडीत बसतो," लालीबाई म्हणाली. "हॉर्न वाजवतो एक डाव. ते वळनावर वाजवत, मंग मी तवा ठेवो. आता मी वाजवतो आन् इचारतो, लावलं होतं का हो? गाडी खोकते. हो म्हनते का नाई म्हनते, समजत नाई मले."

ती गेल्यावर मोईन, गझालाचा नवरा, पाना आपटत म्हणाला, "नको जाऊस. अब्बांचं नाव निघालं तर?"

आतल्या खोलीतून मन्सूरचा आवाज आला. कित्येक दिवसांत त्यांनी मोटारींबद्दल एक शब्द काढला नव्हता.

"जाने दे उसको. बेटा, पहले गुलाबी लकीर देखना. और गलती मेरी निकली, तो छुपाना मत."

२

तांड्यावर जीप नीमाखाली उभी होती. तिच्या टपावर वाळल्या निंबोळ्यांचा सडा होता आणि पुढच्या काचेवर लालीबाईनं लावलेलं कुंकू.

गझालानं झोळी नीमाच्या फांदीला बांधली, लेकीला तीत ठेवलं आणि स्कॅनर जोडला. गाडीच्या कंट्रोलच्या डब्यात बिघाडांची आठवण राहते. स्कॅनर ती वाचतो. तिनं वाचली. काहीच नव्हतं. स्कॅनरच्या मते जीप ठणठणीत होती.

"पुसलं सारं," मागून आवाज आला. उत्तमसिंगाचा मुलगा शाम. पंचविशीचा, डोळ्याला डोळा न देणारा. "नाल्यातून काढल्यावर समोरचे दिवे लुकलुक करत होते. नेरच्या ओमभाऊच्या दुकानात नेली, त्यानं पुसून देल्ले."

"मग परत लागले का दिवे?"

"तुमाले काय करा लागते, ताई? काहून उकरून राह्यल्या? बाप मेला. गाडी भंगारात जाऊन राह्यली. संपलं."

"आन् ममताचं?" लालीबाई ओसरीवरून बोलली. शामची बायको ममता दाराशी बसून तांदूळ निवडत होती, पोट मांडीवर टेकलेलं. "तिचे दिवस भरत आले. नाल्याला पानी हाय. हिले का बैलबंडीत नेशीन?"

"त्या गाडीत नाई बसवत म्या तिले!" शाम ओरडला. ममतानं मान वर केली नाही, पण तांदळातली बोटं थांबली.

गझालानं दिवसभर तारा तपासल्या. उंदरांनी कुरतडलेलं नव्हतं. मधल्या वेळी लालीबाईनं तिला भाकर आणि चटणी आणून दिली आणि शेजारी बसून नवऱ्याबद्दल बोलत राहिली, जणू तो शेतात गेला आहे आणि येईलच. त्याला चहात आलं लागायचं. तो डाव्या हातानं जेवायचा, सासू हातावर चापटी मारून मारून थकली होती. गाडीला तो बैलासारखा बोलायचा.

"आमचे आजे-पंजे बैलाईवर माल लादून फिरत," ती म्हणाली. "सागनाल्याच्या उतारावर धावजीचा दगड हाय. धावजी म्हंजे आमचा जुना नायक. पान्यात उतराच्या आंधी समोरच्या बैलाची घंटा वाजवाची, धावजीले सांगाचं, आमी उतरून राह्यलो. आता बैल नाई, तं हॉर्न वाजवतेत. तांड्याची एक गाडी त्याच्याबिगर उतरत नाई."

गझाला चटणी खात ऐकत होती. तिला वाटलं, हे फक्त सांगणं आहे.

दिवेलागण झाली. लालीबाई पदर सावरून चालकाच्या जागी बसली. किल्ली एक टप्पा फिरवली, इंजिन बंदच. मग तिनं हॉर्न वाजवला.

तो साधा हॉर्न नव्हता. ट्रकला असतो तसा भोंगा होता, तांडा दणाणला. झोळीतलं बाळ दचकलं, त्याचे दोन्ही हात ताठ वर गेले, मुठी उघडल्या आणि हळूहळू मिटल्या.

आणि जीप खोकली. पोटाखालून, मातीतून आल्यासारखी, एक आखूड घर्र. समोरचा फोर-व्हीलचा दिवा एकदा पेटला आणि विझला.

बटणाला कोणाचाही हात लागला नव्हता.

"पाह्यलं?" लालीबाई हळूच म्हणाली. "हायेत ते."

गझालानं झोळीतून लेकीला उचलून छातीशी धरलं. झोपलेलंच मूल होतं ते, तरी उचललं.

३

दुसऱ्या दिवशी ती ताडपत्री पसरून जीपखाली शिरली.

मन्सूरची एक सवय सगळ्या नेरला माहीत होती. बोल्ट घट्ट केला की ते त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढत. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि कळतं. पॉलिश त्यांच्या बायकोचं, शमसुन्निसाचं. लेकीच्या लग्नात घेतलेली गुलाबी बाटली, तिनं एकदाच लावली आणि लाजून पुसून टाकली. त्यानंतर यांच्या खिशात. गावातली पोरं म्हणत, मन्सूरचाचा गाड्यांना मेंदी लावतात.

मोटरच्या बोल्टांवर चिखल वाळला होता. गझालानं थुंकी लावून एकेक पुसला. गुलाबी. अखंड. पुढचा. अखंड. मोटर सोडवून तिनं थेट बॅटरीवर लावली. ती फिरली, एका लयीत, कुठे अडकली नाही.

ती पाठीवर पडून राहिली. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं, तिनं जाऊ दिलं. अब्बांचं काम जसंच्या तसं होतं.

मग चूक कुठे?

तिनं चालकाची सीट काढली. खाली कंट्रोलचा डबा होता, तो बटणाचं ऐकतो आणि मोटर फिरवतो. त्या डब्याच्या अर्थिंगची काळी तार एका बोल्टनं गाडीच्या अंगाला जोडलेली होती. वीज डब्यात जाते एका तारेनं आणि परत येते या काळ्या तारेनं. परतीची वाट नीट नसेल तर डब्याला काही सुधरत नाही.

त्या बोल्टवर गुलाबी रेघ होती. पण अर्धी डोक्यावर आणि अर्धी पत्र्यावर, आणि दोन्ही अर्ध्या एकमेकींना भेटत नव्हत्या.

मन्सूरनंतर कोणीतरी हा बोल्ट उघडला होता.

आणि त्याखाली एक नव्हे, दोन तारा होत्या. दुसरी तार जाड, नवी. बोल्ट पुरता बसलाच नव्हता, खाली हिरवट गंज धरला होता. गझाला त्या तारेचा माग काढत बोनेटपर्यंत गेली. ती थेट त्या भोंग्याला जाऊन मिळाली. सांध्यावर काळी टेप होती, नेटकी, पण का कोण जाणे ती बघताना डोळ्याला खुपत होती. गझालानं बोट फिरवून पाहिलं. टेप उलट्या बाजूनं गुंडाळली होती.

तिनं ओमला फोन लावला.

"भोंगा ना? इकला म्या, हाव," ओम म्हणाला. "पन बसवला नाई हं. मन्सूरचाचाकडं मोटर होऊन गाडी तांड्यावर गेली, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या रोजी शाम आलता. मले म्हने, मायले वळनावरचा हॉर्न आयकू येत नाई, मोठा पाह्यजे. बसवून देतो म्हटलं, तं म्हने, राहू द्या, घरीच बसवू. कायले इचारता भाभी? वारंटी नाई त्याची."

गझालानं फोन ठेवला आणि मागे वळली. शाम नीमाखाली उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"शामभाऊ, भोंगा कोणी बसवला?"

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो वळला आणि सोयाबीनच्या वावरातून चालत गेला, वळून न बघता, लालीबाई हाका मारत असताना.

४

पुष्पाचं घर तांड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिचा मुलगा अंगणात बसून कोंबडीशी बडबडत होता. जीपमधून दोरानं ओढून काढलेल्या बाईचा, पलीकडच्या काठावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जन्मलेला तो मुलगा. गझालाची लेक कडेवरून त्याच्याकडे झेपावली, तो घाबरून आईच्या लुगड्यात शिरला.

"मोठा धीट हाय," पुष्पा हसली. "नाल्यावर जन्मला तरी आंघोळीले रडते."

"त्या दिवशीचं आठवते काही?"

आतून तिची सासू विमलताई बोलली, "तिले कायचं आठवते? कळा देऊन राह्यली होती, बोंबलत होती. माह्या हातातली बांगडी फोडली तिनं."

"तुमाले बांगडीच आठवते, मामी," पुष्पा म्हणाली. मग गझालाकडे वळून, आवाज उतरवून, "मले सारं आठवते, ताई. कोनी इचारलंच नाई. म्या सांगतलं एक डाव, तं मले म्हनते, बाळंतिनीच्या कानात वारं शिरते."

"मला सांग."

"कळ आली का कायबी आयकू येत नाई. पन दोन कळाईच्या मंधात..." पुष्पा थांबली, शब्द शोधत. "मंधात इतकं आयकू येते, का मुंगी चालन तं तेबी आयकू येईन. म्या खाली पडली होती मांगच्या बाजूनं, कान पत्र्याले. उतारावर काकानं गाडी उभी केली. तं खालून घरघर झाली. लांब. आपन जातं थांबवतो ना, तशी जाता जाता बंद झाली. काका म्हने, हाव, धर आता, धर रे माह्या राजा. गाडीले म्हने. मंग हॉर्न वाजला. नवाच होता, म्या दचकली. आन् पुना खालून घरघर."

"कशी? आखूड?"

"नाई. लांबच. पह्यलीसारखी. मंग गाडी पान्यात उतरली, मले पुना कळ आली. ते सरली तवा गाडी उभी होती, आन् काका म्हनत होते, अरे, काहून सोडलं रे? काहून सोडलं?" पुष्पानं मुलाच्या केसांवर हात ठेवला. "मले वाटलं, कोनाशी बोलून राह्यले. पान्यात कोन होतं?"

गझालानं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हे लालीबाईला सांगितलंस?"

"काय सांगू? मले वाचवासाठी त्या बाईचा मानूस गेला. मी तिच्या दारातून जात नाई, मांगून जातो."

५

गझाला नीमाखाली परतली आणि लेकीला पाजायला बसली. दूध पिता पिता मुलीचे डोळे जड झाले. तेवढ्यात रस्त्यावरून कोणाची तरी मोटारसायकल हॉर्न देत गेली. बाळ दचकलं, तोंडातून स्तन सुटला, हात ताठ झाले. मग शुद्धीवर आल्यासारखं ते इकडेतिकडे तोंडानं शोधू लागलं, आपली जागा सापडेपर्यंत.

गझाला त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून उभी राहिली, मूल छातीशी तसंच ठेवून.

"मावशी," तिनं हाक मारली, "रामधनला ट्रॅक्टर घेऊन नाल्यावर यायला सांगा. पुष्पालाही बोलवा. मी अब्बांना फोन लावते."

दुपारी सगळे सागनाल्याच्या उतारावर जमले. आभाळ भरलेलं होतं, पाणी तांबडं, फार नाही पण आवाज करणारं. धावजीच्या दगडाला शेंदूर होता. रामधननं ट्रॅक्टर वर उभा केला आणि खालच्या पाण्याकडे पाठ करून बसला. त्या दिवशी दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. शाम कुठून तरी आला आणि लांब उभा राहिला. मोईननं मन्सूरना गाडीवरून आणलं. ते उतरले, लालीबाईकडे न बघता दगडाला हात जोडले आणि तिथेच थांबले.

गझालानं जीप दगडापाशी उभी केली. बोल्ट तिनं होता तसाच ठेवला होता, सैल आणि गंजलेला.

"आधी हे ऐका," ती म्हणाली आणि काही न दाबता फक्त हॉर्न वाजवला.

आखूड घर्र. दिवा लुकलुकला.

"मावशी, तुम्ही रोज ऐकता ते हेच?"

"हाव. खोकला."

"आता हे." तिनं फोर-व्हीलचं बटण दाबलं. खालून लांब घरघर आली, जात्यासारखी मंदावत थांबली. दिवा लागला आणि स्थिर राहिला. पुष्पानं तोंडावर हात ठेवला.

"आता." हॉर्न.

दिवा विझला. आणि पुन्हा, कोणी काही न दाबता, खालून तीच लांब घरघर आली आणि थांबली.

"हेच!" पुष्पा ओरडली. "हेच, याडीची, माह्या मायची आन, हेच!"

लालीबाईनं जीपच्या दाराला धरलं.

"भूत नाही मावशी," गझाला म्हणाली. "भोंग्याची तार आणि डब्याची तार एकाच बोल्टखाली आहे. भोंगा खूप वीज ओढतो. बोल्ट सैल, त्यामुळे तेवढी वीज परत जायला वाट पुरत नाही आणि डब्याला क्षणभर अंधारी येते. माझी लेक दचकते ना, तसं. शुद्धीवर आला की डबा पहिल्यांदा मोटरला घरी आणतो, म्हणजे दोन चाकांवर. मोटर आधीच घरी असेल तर नुसतं चाचपून बघतो, तो आखूड खोकला. पण मोटर फोर-व्हीलवर गेलेली असेल, तर घरी यायला तिला पूर्ण वाट चालावी लागते. ती लांब घरघर."

तिनं पुष्पाकडे पाहिलं. पाणी वाजत होतं.

"पुष्पानं दोन लांब घरघरी ऐकल्या. काका विसरले असते तर तिला नुसता खोकला ऐकू आला असता. परतीची घरघर लांब आली, म्हणजे जाण्याची आधी झाली होती. आणि ती बटण दाबल्याशिवाय होत नाही. काकांनी फोर-व्हील लावलं होतं. दिवा लागलेला पाहिला. मग धावजीला हॉर्न दिला आणि त्यांचं लक्ष पाण्यावर गेलं. गाडीनं मागच्या मागे सोडलं ते त्यांना कळलंच नाही."

लालीबाईचे ओठ हलत होते. थोड्या वेळानं कळलं, ती म्हणत होती, "लावलं होतं. लावलं होतं."

मन्सूर खाली बसले. "मग बोल्ट?" त्यांनी विचारलं. "मैंने कसा था, बेटा."

"तुमची रेघ तुटलेली आहे, अब्बा. तुमच्यानंतर कोणीतरी उघडला."

"म्या उघडला," शाम म्हणाला.

सगळे वळले. तो पुढे आला, आईसमोर उभा राहिला. "भोंगा म्या आनला. म्याच बसवला. मन्सूरचाचा एका तारेले दिवस लावतेत म्हटलं, आन् जो बोल्ट हाताले लागला त्याच्याच खाली तार घातली. बापाले म्या मारलं, याडी. म्हनूनच गाडी भंगारात देऊन राह्यलो होतो. कोनाले दिसू नये म्हनून."

रामधनची मान खाली गेली. गझालाला सांध्यावरची टेप आठवली. पण हे सांगणं तिचं नव्हतं.

लालीबाईनं डोळे पुसले. तिनं बोनेट उघडलं, भोंग्याची तार शोधत वाकली आणि त्या सांध्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ते बोट त्या टेपवरून फिरत राहिलं, जसं एखाद्याच्या मनगटावरून फिरावं.

"शाम," ती म्हणाली. "अथी ये. हे गुंडाळून दाखव मले."

"याडी..."

"दाखव ना. कोन्या हातानं गुंडाळली? माह्या घरातला प्रत्येक दोर, प्रत्येक नाडा याच बाजूनं गुंडाळलेला असे. तीस वर्सं म्या सोडवले हायेत ते. तू उजव्या हाताचा हायेस, बाबा. ही त्याईचीच हाय."

शामचा चेहरा वाकडा झाला, लहान मुलाचा होतो तसा. "कायले सांगाचं होतं? लोकं आंधीच म्हनत होते, इसरला. आता म्हनतीन, आपल्याच हातानं... भोंगा म्या आनून सीटवर ठेवला. सकाळी पाह्यतो तं बसवलेला. हसत होते. म्हने, तुह्या मायले आता खुट्ट आयकू येईन. मले वाटलं, माह्यावर येऊ दे सारं. मी जित्ता हाय, सोसीन."

लालीबाईनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. ती त्याच्यापेक्षा बुटकी होती, त्याला वाकावं लागलं.

"येडा," ती म्हणाली. "मायले खुट्ट आयकू यावं म्हनून एकानं भोंगा आनला, एकानं बसवला. हे का लपवाची गोठ हाय?"

मन्सूर तिच्याकडे पहिल्यांदा बघत होते. "भाभी, भोंगा आनून देल्ला असता तर मीच बसवून दिला असता."

"मले मालूम हाय, भाऊ. त्याईलेबी मालूम होतं. तुमची तब्येत बरी नव्हती, तुमाले कायले तरास द्याचा म्हने." ती त्यांच्याकडे वळली. "वर्षभर तुमच्या दारात आलो नाई आमी. तुमी तरी याचं होतं."

मन्सूर मान हलवत राहिले.

पुष्पा मागे मागे सरकत होती. लालीबाईनं तिला हाक मारली. "तू कुठी चालली वं? त्या पोराले आन इकडं. मांगून जाते माह्या घराच्या, मले दिसत नाई का? आता समोरून ये."

६

"लगेच करते," तांड्यावर परतल्यावर गझाला म्हणाली. "गंज घासायचा, भोंग्याची तार वेगळ्या बोल्टवर न्यायची. फार काम नाही. मग ममताला कुठेही न्या."

लालीबाई जीपकडे बघत होती. "आजची सांज राहू दे," ती म्हणाली. "उद्या कर."

गझालानं हत्यारं पुसून ठेवली.

त्या संध्याकाळी लालीबाई एकटीच गाडीत बसली. बाकीचे ओसरीवर होते, कोणी तिकडे बघत नव्हतं आणि सगळ्यांचे कान तिकडेच होते. भोंगा वाजला. जीप खोकली. मग बराच वेळ आतून तिचं बोलणं ऐकू येत राहिलं, हळू, घरगुती, चहात आलं घालताना बोलावं तसं. काय बोलली ते कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी गझालानं गंज घासला, पत्रा चकचकीत केला, तारा वेगळ्या केल्या. बोल्टला शेवटचा पीळ मन्सूरनी दिला. गुलाबी बाटली त्यांनी खिशातून काढली, पण रेघ स्वतः ओढली नाही. त्यांनी ती लालीबाईपुढे केली.

"मले नाई येत हे नखरे," ती म्हणाली. तरी तिनं ती बाटली घेतली आणि जीभ दातांत धरून बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत एक रेघ ओढली. वाकडी, पण अखंड.

दिवे लागायला आले तेव्हा ती पुन्हा आत बसली. शाम बाहेर उभा होता, ममता दाराला टेकून. गझालाची लेक तिच्या खांद्यावर जागी होती.

लालीबाईनं बटण दाबलं. खालून एक लांब घरघर आली, जात्यासारखी मंदावत थांबली. दिवा लागला.

मग तिनं भोंगा वाजवला. बाळ दचकलं, ममतानं पोटाला हात लावला.

लालीबाई कान देऊन बसली. दिवा लागलेलाच होता. नीमाच्या निंबोळ्या टपावर टपटपल्या. कुठेतरी बकरी ओरडली. ती तशीच बसून राहिली, किल्लीवर हात ठेवून, मान किंचित खाली वाकवून, आणि तिच्याबरोबर अख्खं अंगण वाट बघत राहिलं.

दुसरी घरघर आली नाही.

तिनं किल्ली काढून शामच्या हातात दिली. "ममताले बसवून उतारापर्यंत नेऊन आन एक डाव," ती म्हणाली. "पोटाले धक्का लागते का पाह्य. आन् येताना वळनावर वाजव. मी तवा ठेवतो."